स्वतःविषयी चार वाक्यं

शनिवारी साडेतीनला पिळगावच्या वाचनालयात
मी टेबल भिंतीपासून ओढतो.
एक खुर्ची इकडे, एक तिकडे.
पंखा बंद. कागद उडतात,
आणि घाम कसा पुसायचा
हेही शिकावं लागतं.

"या. बसा. स्वतःविषयी सांगा."

प्रज्योत च्यारी सांगतो बापाचं नाव,
मग आजोबांचं, मग वाड्याचं,
देवळाकडून घर किती पावलं,
सोयरीक जमवायला आल्यासारखा.
मी म्हणतो, बाबा, सगळं खरं,
पण यात तू कुठं आहेस?
तो खुर्चीखाली बघतो,
जणू तिथं सांडलाय.

रोयलाला क्रूझवर जायचंय.
तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा पळतं.
तिला मी एवढंच शिकवतो : थांब,
प्रश्न संपू दे.
फेरीबोट धक्क्याला लागायच्या आधी
उडी मारणारे आपण सगळेच.

दिप्तेशच्या अंगणात बापाचा टिप्पर उभा,
खाण बंद पडली त्या वर्षापासून.
हौद्यात पपई उगवलीय, फळंही धरते.
"तुमची कमजोरी कोणती?" विचारलं,
तर म्हणाला, "हप्ते."
सगळे हसलो. तो हसला नाही.
मी प्रश्न बदलला.

आणि मागच्या बाकावर शिवाली मळीक.
बारावी, कॉमर्स, त्रेसष्ट टक्के.
"मला काही येत नाही, सर,"
हे तिचं पहिलं वाक्य.
दुसरंही तेच.
आई डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात
तांबडी भाजी विकते, अळसांदे, मोसमात मिरच्या.
"हिशोब कोण ठेवतं?"
"मीच."
"कशात?"
"वहीत. उधारीचं पान वेगळं.
चतुर्थीच्या आधी भाव कुठवर चढतो
तेही लिहून ठेवते, तीन वर्षांचे आहेत."
"मग हे काय आहे?"
"हे? हे काम."

कामच, बाय. कागदावर घाल.

त्या दिवशी एक ओळ दीड तास लिहिली.
"भाजी" खोडून "किरकोळ व्यवसाय" घातला,
तो खोडला, परत भाजी घातली.
भाजीच बरी दिसली.

निघताना पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली,
"सर, तुमचा इंटरव्ह्यू कसा झाला होता?"

बार्जच्या धक्क्यावर तेवीस वर्षं
मी टनांची नोंद केली.
त्याआधी एका सकाळी
एका मोठ्या माणसाच्या व्हरांड्यात
वडील उभे, मी त्यांच्या मागे.
आत नाश्ता चाललेला, गरम पावाचा वास.
मग बाहेर चिठ्ठी आली, चार बोटांएवढी,
आणि तिच्यावर माझं नाव चुकीचं.
सुहासचं सुभाष.
दुरुस्त कोण करणार? चिठ्ठी ती चिठ्ठी.
तेवीस वर्षं मस्टरवर मी सुभाषच होतो.

हे मी तिला सांगितलं नाही.
मग सांगितलं.

ती जरा वेळ गप्प राहिली.
पिशवी खाली ठेवली,
टेबलापलीकडे माझ्या जागी जाऊन बसली
आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.
"या. बसा. स्वतःविषयी सांगा."
प्रज्योतनं पंखा बंद आहे ना, ते बघितलं.
माझ्या तोंडून आलं बापाचं नाव,
मग आजोबांचं,
मग देवळाकडून किती पावलं.

सोमवारी ती वेर्ण्याला गेली, गोळ्यांच्या कंपनीत,
सहा दहाच्या बसनं, पणजीला बदलून.
संध्याकाळी फोन :
"सर, स्वतःविषयी विचारलंच नाही.
रात्रपाळी जमेल का, एवढंच.
मी म्हटलं, जमेल, पण बस कुठवर सोडते?
त्यांना ठाऊक नव्हतं.
एकानं दुसऱ्याकडे बघितलं."
"मग?"
"मग म्हणाले, विचारून सांगतो.
सर, ते विचारून सांगणार आहेत. मला."

नोकरीचं अजून काही कळलेलं नाही.
बुधवारी ती बाजारात होती, वही घेऊन.

माझी चार वाक्यं चाललीत.
पहिलं झालंय :
मी सुहास.
पुढचं शनिवारी बघू.